मुक्ताबाईचं इंटरफेरॉन

सोलापूर, ८ जानेवारी २०२४

शिवानी,

आशीर्वाद गृहीत धर. बत्तीस वर्षं पोस्टात लोकांची पत्रं हाताळली. त्यातल्या निम्म्यांची शाई एकमेकांची खुशाली इच्छिण्यातच संपलेली असायची. आपल्याला कामाचं बोलायचंय.

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू ‘हं, हं’ करतेस आणि मागं कसलं तरी मशीन घरघरत असतं. तुझा बाप तर माझ्याशी बोलता बोलता गिऱ्हाईकाला साड्या दाखवतो. परवा मी त्याला माझं डोकं दुखतंय म्हणून सांगत होते, तर म्हणाला, “यात मोरपंखी पण आहे.” कागद निदान मध्येच दुसऱ्याशी बोलत नाही.

विषय असा. काल बसवराजकाकांच्या पणतूचं बारसं झालं. तिथं कुणीतरी विचारलं, अनिलकुमारची मुलगी पुण्यात काय करते? तुझा बाप म्हणाला, इंजेक्शनात पीएच.डी. करते. तुझी आई म्हणाली, कॅन्सरवर औषध शोधते. बसवराजकाका म्हणाले, “म्हंजे कंपाउंडर का?” मी पान वाढलेलं बघून उठले. पण वाटेत मनात आलं, आपण तरी काय सांगितलं असतं? सहा वर्षांपूर्वी मीच तुला पुण्याच्या गाडीत बसवून दिलं आणि तू तिथं काय करतेस हे मला माहीत नाही.

तर नीट लिही. हे तुझं इंटरफेरॉन म्हणजे काय? पेशींची वाढ थांबवतं म्हणजे कुठल्या, कशी, किती दिवसांत? चांगल्या पेशींचीही थांबते का? सातवीच्या पोरांना समजावल्यासारखं लिहू नकोस. मी लोकांनी बाराशे प्रकारांनी चुकवलेले पत्ते वाचून पत्रं बरोबर पोचवलेली आहेत.

बाकी मी ठीक. अंघोळ केली की अंग खाजतं, आणि चेहरा लाल दिसतो. गल्लीतल्या बायका म्हणतात, राजेश्वरीबाई लग्नाशिवायच उजळल्या.

आत्या

•

पुणे, १६ जानेवारी २०२४

आत्या,

तुझं पत्र आमच्या लॅबमध्ये सगळ्यांनी बघितलं. तिकिटावरचा शिक्का बघायला दोघं रांगेत होते. कंपाउंडरची बातमी मी सरांना सांगितली नाही, ते मान्य करतील अशी भीती वाटली.

आता तुझं उत्तर. विषाणू एखाद्या पेशीत घुसला की ती पेशी मरायच्या आधी एक प्रोटीन बाहेर सोडते. ते शेजारच्या पेशींना लागलं की त्या सावध होतात, विषाणूला घरात थारा देत नाहीत आणि स्वतःची वाढही आवरती घेतात. ते प्रोटीन म्हणजे इंटरफेरॉन. आता ते कारखान्यात बनतं, बाटलीत येतं आणि औषध म्हणून टोचलंही जातं.

मी बघते ते पुढचं. इंटरफेरॉन पेशीच्या आत जात नाही, बाहेरच्या कडीला लागतं. आत एक स्टॅट नावाचं प्रोटीन रिकामटेकडं फिरत असतं. कडी वाजली की त्याला एक खूण चिकटते, मग ते जोडीनं पेशीच्या केंद्रात शिरतं आणि डीएनएवर जाऊन बसतं. कुठलं जनुक वाचायचं नि कुठलं मिटून ठेवायचं हे अशी प्रोटीनं ठरवतात. त्यांना ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर म्हणतात. याच जातीचं दुसरं एक आहे, मिक. ते म्हणजे आपले बसवराजकाका. स्वतः काही करायचं नाही, पण सगळ्यांना “चला, चला, उशीर झाला” म्हणून पळवायचं. मिक जोरात असलं की पेशी वाढतच सुटते. इंटरफेरॉन आलं की मिक खाली बसतं आणि वाढ थांबते.

माझ्या पेशी साठेक वर्षांपूर्वी कुणा पेशंटच्या गाठीतून काढलेल्या आहेत. तो माणूस कधीच गेला, पेशी अजून फ्लास्कमधल्या गुलाबी पाण्यात वाढतायत. मी त्यांना रोज खायला घालते, मोजते, आणि अर्ध्यांना इंटरफेरॉन देते. चौथ्या दिवशी औषध न दिलेल्यांची संख्या दहापट झालेली असते आणि दिलेल्या जागच्या हलत नाहीत. आलेखात ती रेघ इतकी सपाट येते की महेश्वर सर (माझे गाईड, कौतुक करताना ज्यांचा दात दुखतो) म्हणाले, “बरी आहे.” या महिन्यात पेपर पाठवतोय. जूनमध्ये जर्मनीत परिषद आहे, तिथं मी बोलणार. बसवराजकाकांना सांग, कंपाउंडर विमानात बसणार.

चांगल्या पेशींचीही वाढ थोडी मंदावते. तुला का एवढी चौकशी?

शिवानी

ता.क. खाज कसली? साबण बदल.

•

सोलापूर, २७ जानेवारी २०२४

शिवानी,

साबण बदलला. आता चंदनाचा वास येत येत खाजतं.

पत्र दोनदा वाचलं, कळलं. तुझं स्टॅट म्हणजे आमच्या ऑफिसातला जुना पोस्टमन, घंटी झाल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही.

चौकशीचं कारण माझी शेजारीण मुक्ताबाई. शेंगाचटणीवाली. तुला लहानपणी मूठमूठ खारे दाणे द्यायची आणि रात्रभर तू खोकायचीस, तीच. तिच्या रक्तात तांबड्या पेशी भरमसाट झाल्यात. रक्त घट्ट होतं, डोकं जड, कधी हातापायाची आग. सात रस्त्याजवळ एक रक्ताचा डॉक्टर आहे. त्यानं तपासण्या केल्या आणि म्हणाला, हाडातल्या मगजात एक बटण चालू राहून अडकलंय. दर तीन आठवड्यांनी तिचं पिशवीभर रक्त काढून टाकतात. तिथली नर्स म्हणते, “आजी, बघा किती छान दाट आहे,” जसं काही बासुंदीच.

आता डॉक्टर म्हणतो, आठवड्याला एक इंटरफेरॉनची सुई घ्या. नाहीतर गोळ्या आहेत. निर्णय तुमचा. मुक्ताबाई मला विचारते, मी तुला विचारते. ती भित्री आहे असं नाही, पण या वयात अंगात नवीन काही घालायचं तर घालणाऱ्याला त्यातलं कळतं की नाही हे बघावं लागतं. तू हे औषध रोज हाताळतेस. तू काय म्हणतेस? गोड लिहू नकोस, खरं लिही.

आत्या

•

पुणे, ५ फेब्रुवारी २०२४

आत्या,

मुक्ताबाईंना माझ्याकडून नमस्कार आणि खोकल्याबद्दल माफी.

डॉक्टर बरोबर सांगतात. त्या बटणाचं नाव जॅक-टू. ते अडकलं की मगज नको तेवढ्या पेशी बनवतो. तू खरं लिही म्हणालीस म्हणून सांगते, मी मुक्ताबाई असते तर सुई घेतली असती. मी हे माझ्या डोळ्यांनी बघितलंय. एकदा नाही, आठ महिने. इंटरफेरॉन घातलं की वाढ थांबते म्हणजे थांबते. चार दिवसांत रेघ आडवी. ताप येईल, अंग दुखेल, पण काम होईल. सोबत तो आलेख पाठवतेय, त्यांना दाखव. खालची सपाट रेघ त्यांची.

पेपर काल गेला. पहिलं नाव माझं. सरांनी चहा मागवला, आणि तो सगळ्यांसाठी.

शिवानी

•

सोलापूर, २० फेब्रुवारी २०२४

शिवानी,

मुक्ताबाईनं सुई घेतली. दोन झाल्या. तुझं पत्र आणि आलेख ती डॉक्टरकडे घेऊन गेली होती. त्यानं चष्मा कपाळावर चढवून बघितला आणि हसला. म्हणाला, “पोरगी हुशार आहे. पण आजी, तुम्ही फ्लास्कमध्ये राहत नाही. आपल्याला सहा महिने, वर्ष धरून चालायचंय.” मुक्ताबाई म्हणाली, माझ्या भाचीच्या मैत्रिणीच्या, म्हणजे माझ्या मैत्रिणीच्या भाचीच्या रेघेत चार दिवसच लिहिलेत. डॉक्टर म्हणाला, तिला पत्र लिहून विचारा.

पहिल्या सुईला संध्याकाळी असा ताप आला की तिला भिंतीवरच्या कॅलेंडरातला देव हलताना दिसला. दुसऱ्या सुईला जरा कमी. सुई पोटाला टोचतात. पोट भरपूर आहे, त्याची अडचण नाही.

जर्मनीला जाताना स्वेटर ने. तुझ्या बापानं दुकानात दोघा गिऱ्हाइकांना सांगून झालंय.

आत्या

•

पुणे, ९ मार्च २०२४

आत्या,

हे पत्र बाबांना दाखवू नकोस. आईलाही नाही.

दहा दिवसांपूर्वी पेपरवर परीक्षकांचे प्रश्न आले. सगळे सोपे होते, एक सोडून. त्यांनी विचारलं होतं, इंटरफेरॉन ज्या द्रावणात पातळ केलं, ते नुसतं द्रावण पेशींना देऊन बघितलं का? मी बघितलं नव्हतं. औषध न दिलेल्या पेशींना मी काहीच घातलं नव्हतं. हे पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतात, आणि शिकवते मी.

म्हटलं, त्यात काय, चार दिवसांचं काम. नुसतं द्रावण घातलं. चौथ्या दिवशी मोजलं, तर रेघ सपाट. इंटरफेरॉनचा एक थेंब नाही आणि पेशी जागच्या जागी.

मी परत मोजलं. मग कीर्तीला मोजायला लावलं. कीर्ती माझ्या शेजारच्या टेबलावर काम करते, आपल्या सोलापूरचीच. तिनं मोजून झाल्यावर विचारलं, “तू पातळ कशात करतेस गं?”

“बफरमध्ये.”

“कुठल्या?”

मी फ्रिजमधून बाटली काढून दाखवली. निळ्या झाकणाची. तिनं झाकण उघडून बाटली उलटी फिरवली. तळाशी, कुणाच्या तरी बारीक अक्षरात लिहिलं होतं. ते पेशी रंगवायचं द्रावण होतं. त्यात जंतू वाढू नयेत म्हणून अझाइड घालतात. अझाइड म्हणजे विष, आत्या. जंतूंचा श्वास कोंडतं आणि पेशींचाही. आपल्या साध्या बफरची बाटली त्याच फळीवर, तसल्याच निळ्या झाकणाची. मी जूनपासून चुकीची बाटली उचलतेय.

म्हणजे माझ्या पेशींची वाढ इंटरफेरॉननं थांबली नव्हती. मी त्यांना आठ महिने जरा जरा विष घालत होते आणि त्या थांबल्या की आनंदानं फोटो काढत होते.

कीर्ती म्हणाली, सरांना सांग. मी म्हटलं, सांगते. तीन दिवस झाले, सांगितलेलं नाही. परीक्षकांना ‘द्रावणाचा परिणाम होत नाही’ एवढं एक वाक्य लिहिलं तर पेपर निघतो. कुणी येऊन माझ्या बाटल्या उलट्या करून बघणार नाही. मी ते वाक्य लिहूनसुद्धा ठेवलंय.

पण सगळ्यात वाईट मुक्ताबाईंचं वाटतंय. त्यांनी माझ्या रेघेवर विश्वास ठेवून सुई घेतली. त्यांना एवढं नक्की सांग की त्यांच्या डॉक्टरचा सल्ला माझ्या प्रयोगावर उभा नाही. या आजारात इंटरफेरॉन खऱ्या माणसांना वर्षानुवर्षं देऊन बघितलेलं आहे. मी काल दिवसभर तेच वाचत बसले. औषध चांगलं आहे. खोटी फक्त माझी रेघ. त्यांनी सुई बंद करू नये, आणि माझा आलेख फाडून टाकावा.

मी काय करू?

शिवानी

•

सोलापूर, २५ मार्च २०२४

शिवानी,

पत्र मिळालं. मुक्ताबाईला सांगितलं. सुई चालू आहे.

तुझं काय करायचं ते तू ठरव. मला सुचत नाही. हल्ली काही सुचत नाही.

ऊन वाढलंय.

आत्या

•

पुणे, २ एप्रिल २०२४

आत्या,

तुझं पत्र चार ओळींचं. त्यात एकाही माणसाची टिंगल नाही. मला आधी वाटलं, तू माझ्यावर चिडलीस. मग वाटलं, चिडली असती तर चार पानं आली असती. म्हणून शनिवारी सकाळच्या गाडीनं सोलापूरला आले. घरी कळवलं नाही. स्टेशनवरून सरळ नवी पेठेच्या मागं तुझ्या खोलीवर. कुलूप.

मुक्ताबाई दारात बसून शेंगा निवडत होत्या. मी पाया पडले आणि विचारलं, “कशी आहे तब्येत? सुईचा त्रास कमी झाला का?”

“कसली सुई गं बाय?”

“रक्ताची. सात रस्त्याच्या डॉक्टरची.”

“मला कुटं काय झालंय?” त्या म्हणाल्या. “सत्तर वर्षांची हाय मी, अजून उखळात कुटते. डॉक्टरचं तोंड बघितलेलं न्हाय लई वर्सांत. सुई म्हणं! कापडाची सुई बी दिसत न्हाय मला आता.” मग माझ्याकडं बघून त्यांचा हात शेंगांतच थांबला. “अगं, सुई राजेश्वरीची. ती जाती की दर शुक्रवारी. तुला ठाव न्हाय व्हय?”

तुझी किल्ली त्यांच्याकडं असते. मी तुझा फ्रिज उघडला. दह्याच्या भांड्यामागं, पुठ्ठ्याच्या खोक्यात दोन सुया होत्या. चिठ्ठीवर नाव, वय बासष्ट, आणि डॉक्टरांची सही. मी मुक्ताबाईंकडं परत जाऊन बसले. त्यांनी सांगितलं की तू दीड महिना धड जेवत नाहीस. संध्याकाळी दिवा न लावता बसतेस. त्यांच्याशीसुद्धा बोलत नाहीस.

तेवढ्यात तू गल्लीच्या तोंडाशी रिक्षातून उतरताना दिसलीस. हात कोपरात दुमडून कापूस धरलेला. तो रक्त काढायचा वार असणार. मी मुक्ताबाईंच्या मागच्या दारानं निघाले. हो, पळाले. मी समोर आले असते तर रडले असते, आणि तू मला दारातूनच हाकललं असतंस.

आता मी जे लिहितेय ते हसण्यावारी नेऊ नकोस. इंटरफेरॉननं काही माणसांचं मन बसतं. काही सुचत नाही, काही नको वाटतं. हा तुझा स्वभाव नाही, तो त्या औषधाचा परिणाम असू शकतो. डॉक्टरला हे सांगितलं आहेस का? तापाचं सांगितलं असशील. हे नसशील सांगितलं. या शुक्रवारची वाट न बघता जा आणि सांग. मात्रा कमी करता येते, औषध बदलता येतं. नाही गेलीस तर मी बाबांना फोन करेन.

साबण बदल, असं मी तुला लिहिलं होतं. मी. इंटरफेरॉनमध्ये पीएच.डी. करणारी.

शिवानी

•

सोलापूर, १० एप्रिल २०२४

शिवानी,

फ्रिज उघडणाऱ्या पोरींना आमच्या खात्यात कामावर ठेवत नाहीत. दुसऱ्याचं पाकीट फोडणं गुन्हा आहे.

मुक्ताबाईशी मी चार दिवस बोलले नाही. पाचव्या दिवशी तिनं चटणी पाठवली, सोबत निरोप, “माज्या नावानं आजारी पडायच्या आदी मला इचारायचं तरी.” मी चटणी ठेवून घेतली.

डॉक्टरकडं गेले. तुझ्या धमकीमुळं नाही, माझा मला कंटाळा आला म्हणून. बोलायला लागले आणि त्या परक्या माणसासमोर रडू आलं. बासष्ट वर्षांत मी पोस्टातल्या साहेबांसमोरसुद्धा रडले नव्हते. त्यानं टिश्यूचं खोकं पुढं सरकवलं आणि म्हणाला, “हे पहिल्याच दिवशी सांगायचं असतं, आजी.” मात्रा निम्मी केली, दोन आठवड्यांतून एकदा. मन सांभाळणाऱ्या एका डॉक्टरबाईकडंही पाठवलंय. तिथं मला विचारलं, तुम्हाला कशात आनंद वाटतो? म्हटलं, लोकांना नावं ठेवण्यात. तिनं ते लिहून घेतलं.

मुक्ताबाईच्या नावानं का विचारलं ते सांगते. एक म्हणजे, पेशंटला कुणी खरं लिहीत नाही. मी ‘मला झालंय’ म्हटलं असतं तर तू ‘काळजी करू नकोस’ची दोन पानं पाठवली असतीस. मैत्रिणीला झालंय म्हटल्यावर माणूस मोकळं लिहितं. दुसरं कारण अनिल. तुझ्या आईच्या पाठीच्या ऑपरेशनच्या वेळी त्यानं तुला परत बोलावलं आणि तुझं एम.एस्सी.चं वर्ष गेलं. तू एका शब्दानं बोलली नाहीस, पण मी बघत होते. आता माझ्यासाठी दुसरं वर्ष नको होतं. मला नवरा नाही, पोर नाही, म्हणजे आजारपणाला पहिली हाक तुला, हे त्याच्या डोक्यात ठरलेलं आहे.

तुझ्या बाटलीचं आता बोलते. मागच्या पत्रात मला सुचलं नाही. तू ते वाक्य लिहून ठेवलंयस ते फाड. तुझा आलेख हातात धरून मी डॉक्टरच्या खुर्चीत बसले होते. तो हसला, कारण त्याला जास्त माहीत होतं. हसणारा डॉक्टर नसेल तिथं तुझी ती रेघ कुणाच्या हातात पडेल, सांगता येत नाही. सरांना सांग. आरडाओरडा करतील, करू देत.

आपण सौदा करू. तू सरांना सांग, मी अनिलला सांगते. आधी तू. मी वयानं मोठी आहे, मला भ्यायचा हक्क जास्त.

आत्या

•

पुणे, १४ जून २०२४

आत्या,

उशीर झाला, कारण नुसतं ‘सांगितलं’ एवढंच लिहायचं नव्हतं.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी गेले. सर म्हणाले, “बस.” मी बसले नाही, बाटली टेबलावर ठेवली. सगळं सांगितलं. त्यांनी बाटली उचलून तळ बघितला, मग झाकण घट्ट केलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, “मीपण नुसत्या द्रावणाचा कंट्रोल मागितला नाही. रेघ इतकी छान होती की मागावंसं वाटलं नाही.” आणि माझ्यासमोरच मासिकाच्या संपादकांना लिहिलं की पेपर मागं घेतोय, चूक आमची आहे. जर्मनीचं भाषण रद्द. मग नऊ दिवस माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. दहाव्या दिवशी माझ्या टेबलावर नवीन बफर होतं, लाल झाकणाचं. त्यावर त्यांच्या अक्षरात नाव, तारीख आणि खाली ‘वाचून उचल’.

मी सगळं पहिल्यापासून केलं. तीनदा. कीर्तीनं नळ्यांवरचे आकडे झाकून मोजलं, म्हणजे कुठली कुठल्या औषधाची हे तिलाही कळू नये. आता खरं काय ते ऐक. इंटरफेरॉन लागलं की अर्ध्या तासात स्टॅट केंद्रात शिरतं, ते बरोबरच होतं. मिक खाली बसतं, पण पूर्ण नाही, निम्म्यानं. आणि वाढ थांबत नाही. मंदावते. चौथ्या दिवशी जिथं शंभर पेशी असायच्या तिथं साठ-पासष्ट असतात. नवी रेघ सपाट नाही, चढच आहे, जरा कमी तिरका. बघायला काहीच नाही त्यात. सर म्हणाले, “ही खरी आहे.” मला वाटतं ते कौतुक असावं, कारण गालावर हात होता.

पीएच.डी.ला आणखी एक वर्ष लागेल. बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “मी गिऱ्हाइकांना काय सांगू?” म्हटलं, स्वेटर शिल्लक आहे म्हणून सांगा.

माझं झालं. आता तुझी पाळी.

शिवानी

•

सोलापूर, २२ सप्टेंबर २०२४

शिवानी,

पुण्याहून परत येऊन चार दिवस झाले, पाय अजून दुखतायत. तुमच्या लॅबला लिफ्ट आहे आणि ती बंद आहे, हे आधी सांगायची पद्धत ठेवा.

अनिलला सांगितलं त्या दिवसाची गोष्ट मी तुला तिथं अर्धीच सांगितली, तो शेजारी उभा होता म्हणून. मी दुकानात गेले. गर्दी होती. म्हटलं, अनिल, मला रक्ताचा आजार आहे, फेब्रुवारीपासून सुया घेतेय. त्यानं हातातली साडी खाली ठेवली. गिऱ्हाईक बाई म्हणाली, याचा दुसरा रंग दाखवा, तर तो म्हणाला, “आज रंग नाहीत.” शटर अर्धं ओढलं आणि गादीवर बसून लहान पोरासारखा रडला. मी ज्याला घाबरत होते ते हे होतं. मग अपेक्षेप्रमाणं म्हणाला, शिवानीला बोलावून घेतो. मी म्हटलं, बोलावलंस तर मी सुई बंद करीन. तो म्हणाला, मग मी येतो. आता एक शुक्रवार आड दुकान अर्धा दिवस बंद ठेवून माझ्याबरोबर येतो. डॉक्टरच्या बाकावर बसून शेजारच्या पेशंटना साड्यांचं मार्गदर्शन करतो. माझे आकडे वहीत त्याच्या अक्षरात आहेत. रक्ताचा घट्टपणा छप्पन होता, आता सत्तेचाळीस. डॉक्टर म्हणतो अजून उतरेल, सावकाश. रक्त काढायला जून-जुलैपासून बोलावलेलं नाही. नर्सला चुकल्यासारखं होत असेल.

दिवा लावते आता. जेवते. बसवराजकाकांना कंपाउंडरचं सगळं समजावून सांगितलं, तासभर. शेवटी म्हणाले, “मग औषध दुकान कधी टाकती?” मला बरं वाटायला लागलंय हे मला तेव्हा कळलं, कारण घरी येताना मी एकटीच रस्त्यात हसत होते.

ज्यासाठी लिहायला बसले ते वेगळंच. तू मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला लावलास, तेव्हा मी काही बोलले नाही. तुला वाटलं मला दिसत नाहीये, तू चकती फिरवत राहिलीस. दिसत होतं. पहिल्यापासून दिसत होतं. वर्षभर मी मनात त्यांना शिव्या देत होते, तुझ्या फ्लास्कमधल्यांना नि माझ्या हाडातल्यांना. मला वाटलं होतं काहीतरी वाकडं, काळं, ओंगळ दिसेल. दिसल्या त्या पारदर्शक, गोल गोल, कडेला चकाकणाऱ्या. एक तर मधोमध चिमटून दोन होत होती. कुणाचं वाईट करायचं तिच्या गावीही नव्हतं. तिला फक्त वाढायचं माहीत होतं. आणि तो माणूस, ज्याच्या गाठीतल्या त्या आहेत, त्याचं नाव तुमच्यापैकी कुणाला माहीत नाही. मी विचारलं तेव्हा तुझ्या सरांनीसुद्धा फ्लास्कवरचा नंबरच वाचून दाखवला.

मी डोळा तसाच ठेवून हळूच काहीतरी म्हणाले. कीर्तीनं विचारलं, “काय म्हणालात, आजी?” मी म्हटलं, काही नाही, जुनी सवय. खरं म्हणजे मी त्या दोन होणारीला कानडीत म्हटलं होतं, ‘साकु’. आई आम्हाला म्हणायची तसं. पुरे आता, बाळ.

तिनं ऐकलं नाही. माझ्या डोळ्यांदेखत दोन झाली.

आत्या